पायांस लावावयाची गोडी





गेल्या कार्तिकात जळकोटच्या बाजूस एका वाडीवर सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. पहाटेचा काकडा झाला. थंडी बरीच होती, मंडळी शेकोटीभोवती बसली. तेव्हा एक वृद्ध माळकरी गृहस्थ जवळ आले, पाया पडले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, एक इचारावं म्हन्तो. नात आठवीला गेली. वाडीतली शाळा सातवीपतुर. म्होरली शाळा चार किलोमीटरवर. सरकारकडून सायकलीचे पैसे मिळायलेत. पन वाटंला सगळा माळ हाय, मधी वस्ती नाही. लोक म्हनायलेत, सायकलीच्या लोभानं पोरगी घराबाहेर काढली. धाडावं का नगं?"

उत्तर तेथल्या तेथेच दिले. ते पुढे सांगू. परंतु त्या प्रश्नात एक मोठी गाठ आहे. माणसाने पायी चालावे, सायकल चालवावी, हे हिताचे. पण हिताचे काम कोणी काही देऊ केल्यावर करणे, हा लोभ म्हणावा की नाही? आणि देणाराने द्यावे तर काय द्यावे? या महिन्यात एवढाच विषय घेतो.

प्रथम पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, "महाराज, आमिषाने केलेले पुण्य खोटे. बक्षिसासाठी चालला तो चाललाच नाही." हे बोलणे कानास गोड लागते, परंतु शास्त्रास मान्य नाही. आमच्या पाठशाळेत गुरुजी एक दृष्टांत नेहमी देत. लेकरू आजारी आहे, कडुनिंबाचा रस घेत नाही. आई म्हणते, "बाळा, एवढा घोट घे, मग लाडू देते." लेकरू लाडवासाठी रस पिते. आईने लबाडी केली काय? नाही. आईचे लक्ष लाडवावर नाही, लेकराच्या प्रकृतीवर आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवान् उद्धवास हेच सांगतात की, वेदांत जी फळे सांगितली ती अखेरचे हित नव्हेत. औषध घशाखाली उतरावे म्हणून लावलेली ती गोडी होय. श्रीएकनाथमहाराजांनी याच स्कंधावरील आपली टीका १५७३ साली काशीक्षेत्री पुरी केली. मीमांसकही या गोडीस मान देतात. विधी सांगितला की त्यास जोडून स्तुती येते, ती माणसास कर्माकडे ओढते. तिला ते प्ररोचना म्हणतात. तात्पर्य, गोडी लावणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा आई रस पाजावयाचे विसरते आणि नुसते लाडूच वाटीत बसते.

शास्त्रात कर्मे दोन प्रकारची सांगितली. फळाच्या इच्छेने केले ते काम्य, आणि न केल्यास दोष लागतो ते नित्य. आमचे म्हणणे एवढेच की, बहुतेक चांगल्या गोष्टी आरंभी काम्य असतात आणि नेम धरला की नित्य होतात. पहिली वारी कोणी नवसाने करतो, कोणी बापाने नेले म्हणून करतो, कोणी तर गंमत पाहावयास जातो. दहावी वारी तो का करतो, हे त्याचे त्यासही सांगता येत नाही. आषाढ जवळ आला की पाय घरात राहत नाहीत, एवढेच खरे.

आता कोणी विचारील, चालण्यासाठी गोडी लावण्याची वेळ आली तरी कशाने? याचे उत्तर आम्हांस आमच्याच देहात सापडले. तरुणपणी टाळ झोळीत घालून उदगीर, जळकोट, अतनूर, घोणसी या बाजूंस आम्ही पायी फिरलो. एका गावी काल्याचे कीर्तन करावे, पदर झाडून उठावे आणि सायंकाळपर्यंत दुसऱ्या गावी पोहोचावे. ते कोणी सांगून केले नाही. दुसरा उपायच नव्हता. पुढे गावोगावी जीप आली. मंडळी म्हणू लागली, "महाराज, पायी कशाला? गाडी धाडतो." आम्हांस तो मान वाटला. गाडी दाराशी येई, दाराशी सोडी. कीर्तनात आम्ही वारीची थोरवी सांगत होतो, आणि स्वतः मात्र देवळापासून जानवशापर्यंतही गाडीत बसत होतो! साठी ओलांडली, पायांस मुंग्या येऊ लागल्या, डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर निघाली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "महाराज, याहून मोठे औषध तुमच्याकडेच आहे. रोज चाला." जागतिक आरोग्य संघटना सांगते की, प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे तरी अंगास घाम येईल असे चालावे किंवा तशी हालचाल करावी. आमच्या तरुणपणी एवढे चालणे तर एका दुपारीच होत असे.

काळच असा आला आहे की बसण्यास गोडी पुष्कळ लावली जाते. मोटारसायकल हप्त्यावर मिळते. एस.टी.त पंच्याहत्तरी गाठलेल्यांस २०२२ पासून फुकट प्रवास मिळू लागला, आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. आमची त्याबद्दल तक्रार नाही. दवाखान्यास जाणारी म्हातारी, बाजारास जाणारी माय यांस त्याचा मोठा आधार आहे. परंतु एका पारड्यात एवढे पडले असता, पायी जाणाराच्या पारड्यात आम्ही काय टाकले? डांबरी रस्ता रुंद झाला, कडेची जुनी झाडे गेली, पायवाट नाहीशी झाली. मग "लोक आळशी झाले" म्हणून व्यासपीठावरून ओरडण्यात काय अर्थ?

तेव्हा गोडी लावावीच. पण कोणती? येथे खरा विवेक आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या सप्ताहात मंडळींनी ठरविले की, काकड्यास पायी येईल त्या लेकरास रोज एक वही द्यावयाची. हेतू चांगला होता. पहिल्या दिवशी दहा-बारा लेकरे आली, तिसऱ्या दिवशी मंडप भरला. पाचव्या दिवशी वह्या संपल्या. सहाव्या दिवशी चार लेकरे आली, आणि विशेष असे की, जी दोन लेकरे दरवर्षी आपण होऊन येत, तीही त्यांत नव्हती! सप्ताहाचे विणेकरी आजोबा हुशार. त्यांनी सातव्या दिवशी वही दिली नाही, वाडीवरच्या पोरांस निरोप धाडला की, "उद्या काकड्याचे टाळ तुमच्या हातांत. तुम्ही आला नाहीत तर काकडा टाळावाचून होईल." काल्याच्या दिवशी पहाटे सतरा लेकरे अंधारातून चालत आली, काहींच्या पायांत चप्पल नव्हती.

वहीने जे झाले नाही ते टाळाने का झाले? वही ही चालण्याची मजुरी झाली. मजुरी थांबली की मजूर घरी बसतो, त्यात त्याचा दोष नाही. टाळ मात्र मजुरी नव्हती. तो विश्वास होता. आमच्या नातवाने आम्हांस एक हकीकत वाचून दाखविली. इस्राएल देशातील हैफा शहरी दहा बालवाड्यांची पाहणी झाली; ती २००० साली प्रसिद्ध झाली. आईबाप लेकरू न्यावयास उशिरा येत, म्हणून काही बालवाड्यांनी दंड लावला. उशीर कमी होईल असे वाटले, तो जवळजवळ दुप्पट झाला! पूर्वी उशीर झाला तर बाईंची लाज वाटे. आता दंड भरला की झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी गेलेली लाज परत आली नाही. पैशाने विकत घेता येणार नाही ती गोष्ट पैशाने मोजली, की ती स्वस्त होते. हे देणाराने नेहमी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या वारीकडे पाहा. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. तेव्हापासून किती पिढ्या चालल्या! आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारकऱ्यास तेवढे चालण्याचे काय मिळते? उलट तोच दिंडीत भिशी भरतो, म्हणजे चालण्यासाठी पदरचे पैसे देतो. पंढरीत पोहोचल्यावर पदस्पर्शास रांग एवढी की, कित्येक जण कळसाचे दर्शन घेऊन, चंद्रभागेचे स्नान करून माघारी फिरतात. मग एवढा लोक चालतो कशाने? त्याला गोडी नाही असे नव्हे. गोडी आहे, पण ती मजुरीची नाही. निघण्याचा दिवस ठरलेला आहे, त्यामुळे "उद्यापासून चालू" ही पळवाट बंद. सोबत आहे, त्यामुळे पाय दुखला तरी लाजेने का होईना पाऊल पडते. दिंडीला क्रमांक आहे, दिंडीत आपली जागा आहे. आपण नसलो तर ती जागा रिकामी दिसते. वाटेत पाणी, सावली, मुक्काम आहे. सामान ट्रकात आहे, खांदा मोकळा आहे. सायंकाळी समाजआरतीत चोपदारांपुढे तक्रार सांगता येते. आणि भेटेल तो "माउली" म्हणून पाया पडतो. शेत नावावर नसलेल्या माणसासही त्या वाटेवर एवढा मान मिळतो. ही सारी प्ररोचनाच होय. परंतु ती पावलाची किंमत ठरवीत नाही, पावलास जागा करून देते.

२०२४ च्या आषाढी वारीस राज्य सरकारने १५०० दिंड्यांस प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले. एकंदर तीन कोटी झाले. घ्यावे की न घ्यावे, यावर दिंड्यांत बरेच बोलणे झाले. आम्हांस विचाराल तर, पैसा पाण्याच्या टँकरास, औषधास, राहुटीस लागला तर तो रस आहे. तो चालण्याचा मोबदला समजला तर नुसता लाडू. दोहोंत रुपया तोच असतो, भाव निराळा असतो. दुसरी गोष्ट पाहा. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पायी चालणारांसाठी निराळी वाट धरली आहे. अशी वाट आषाढात वारकऱ्यास आणि बाकीचे अकरा महिने शाळकरी पोरास, बाजारकरणीस उपयोगी पडू शकते. हे देणे देणाराच्या पश्चात राहते. आमच्या मते उत्तम गोडीची हीच खूण: दिलेले संपले तरी चालणे संपू नये.

सायकल ही अशीच वस्तू आहे. वही संपते, सायकल राहते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठी पैसे देतात. २०२२ पासून ही रक्कम ५ हजार रुपये आहे. बिहार राज्याने २००६ साली नववीच्या मुलींस सायकलीसाठी २ हजार रुपये देण्यास आरंभ केला. पुढे विद्वानांनी त्याची बारकाईने तपासणी केली. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली शेकडा सुमारे तीसने, म्हणजे शंभराच्या जागी एकशे तीसपर्यंत वाढल्या. मुलगे व मुली यांतील अंतर शेकडा ४० ने घटले. आणि जेथे शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर, तेथे हा गुण अधिक आला. म्हणजे मुलींस शिकावयाचे नव्हते असे नाही. शाळा आणि घर यांमध्ये माळ होता. सायकलीने तो माळ लहान केला.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक सांगणे प्राप्त आहे. ती सांगितल्यावाचून हे निरूपण खोटे पडेल.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक बाप आमच्याकडे आला होता. सरकारी सायकल तेव्हा नव्हती. त्याने उदगीरच्या बाजारात जुनी सायकल पाहून ठेवली होती. मुलगी हुशार, शाळा दूर. त्याने विचारले, "महाराज, घेऊ का?" आम्ही पोथी बांधीत होतो. मान वर न करता म्हणालो, "काळ बरा नाही, मुलीची जात आहे, जपून असा." आम्हांस वाटले, आपण सावधपणाचे बोललो. बापाने सायकल घेतली नाही. मुलगी घरी बसली, दोन वर्षांत तिचे लग्न झाले. गेल्या वर्षी एका गावी ती भेटली. स्वतःच्या मुलीस घेऊन कीर्तनास आली होती. पाया पडून म्हणाली, "महाराज, आमच्या बाबाला तुमचा शब्द म्हंजी देवाचा शब्द होता." तिने दोष दिला नाही. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. फुकट मिळणारी, एका शब्दाची गोडी लावावयाची होती. तीही आमच्याने लागली नाही. तस्मात् जे कोणी गावात चार माणसांत बोलतात, त्यांनी आपला शब्द जपून वापरावा. सरकार सायकल देईल. "जा बाळा" हा शब्द गावाने द्यावयाचा असतो.

मोठ्या माणसांचे काय? त्यांसही गोडी लावता येते. बेल्जियम देशात सायकलने कामावर जाणाऱ्या खाजगी नोकरास मालकाने किलोमीटरमागे भत्ता द्यावा, असा देशभरचा करार १ मे २०२३ पासून लागू आहे. आरंभी तो दर २७ सेंट होता. ही मजुरी झाली की काय, अशी शंका येईल. समाधान असे की, मोटारवाल्यास पेट्रोलचे पैसे मिळतात तेथे पाय चालविणारास काहीच नसावे, हा अन्याय त्याने दूर होतो. आपल्याकडील पतपेढी, शाळा, साखर कारखाना यांनी एवढे तरी करावे: मोटारसायकलीस जशी सावलीची जागा, तशी सायकलीसही द्यावी. सायकलवाल्याने ती उन्हात भिंतीस टेकवावी आणि शिपायाने "हटव ती" म्हणावे, असा मान असेल तर तो उद्या हप्त्यावर गाडी घेईलच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत एका व्यायामशाळांच्या संस्थेच्या ६१,२९३ सभासदांवर एक मोठा प्रयोग झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. व्यायामास लोकांनी अधिक यावे म्हणून चार-चार आठवड्यांच्या ५४ निरनिराळ्या युक्त्या करून पाहिल्या. सर्वांत सरस कोणती ठरली? मोठे बक्षीस नव्हे. ज्याचा खंड पडला, तो परत आला तर त्यास थोडेसे काही देणे, ही! आणि चार आठवडे सरल्यावर बहुतेक युक्त्यांचा गुण ओसरला, हेही त्या विद्वानांनी प्रामाणिकपणे सांगितले. वाचून आम्हांस मोठा आनंद झाला. कारण ज्याची वारी चुकली तो पुढल्या वर्षी दिंडीत आला, तर "गेल्या साली कुठे होतास?" म्हणून कोणी त्याची उलटतपासणी करीत नाही, त्यास मिठी मारतात, त्याच्या हाती टाळ देतात. नेम मोडला म्हणून माणूस चालणे सोडत नाही. नेम मोडल्याची लाज वाटते म्हणून सोडतो. ती लाज काढणारी गोडी सर्वांत मोठी. आमचेही तसेच. पावसाळ्यात आठ दिवस चालणे बुडाले की वाटे, आता काय उपयोग? आता आम्ही स्वतःस सांगतो, नवव्या दिवशीचे पाऊल हेच खरे पाऊल.

आता त्या वृद्ध माळकऱ्यास काय सांगितले, ते ऐका. आम्ही म्हणालो, "बाबा, पोरीला धाडा. सायकलीचा लोभ नव्हे, ती आईचा लाडू आहे. शाळा हे औषध आहे. पण एकटी धाडू नका. वाडीतल्या नि तांड्यावरच्या आणखी मुली पाहा. दिंडीसारख्या जोडीने जातील, वेळ ठरवून निघतील. आणि माळावर ज्याचे शेत आहे त्याने त्या वेळी बांधावर उभे राहावे. त्यास पालखीस पाणी पाजल्याचे पुण्य लागेल." शेकोटीपाशीच एकाने पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान देवळात ठेवण्याचे पत्करले. आम्ही सप्ताहाच्या मंडळींस आणखी एक विनंती केली, आमच्या बिदागीतून त्या सामानाचे पैसे वळते करावेत. आणि आम्हांस न्यावयास आलेली जीप परत धाडून त्या दिवशी पुढल्या मुक्कामास आम्ही पायी निघालो. पाय दुखले, परंतु बापास दिलेल्या त्या जुन्या उत्तराचे ओझे थोडे हलके वाटले.

चैत्रात त्या वाडीवर पुन्हा जाणे झाले. पाच मुली निघाल्या होत्या. चौघी नेमाने जात होत्या. पाचवी तांड्यावरची. दिवाळी सरल्यावर आईबाप ऊसतोडीस गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली. आम्ही गेलो तेव्हा ती परतली होती, पण शाळेत गेलेली नव्हती. तिची सायकल भिंतीशी उभी, चाकांत हवा नाही. "येवढे महिने बुडाले, आता गुरुजी काय म्हनतील?" असे तिचे म्हणणे. चौघींनी तिच्या चाकांत हवा भरून ठेवली आहे आणि वाटेत तिची जागा मोकळी ठेवून जातात, असे त्या वृद्ध माळकऱ्याने सांगितले. ती निघेल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. तिच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी तिला काय म्हणावे, यावर बरेच अवलंबून आहे.

सज्जनहो, तुमच्याही गावात अशी हवा गेलेली एक सायकल भिंतीशी उभी असेल. तुमच्याही घरात पाय असून खाटेवर बसलेला कोणी असेल. त्यास उपदेश करू नका. उद्या सकाळी त्याच्या दाराशी जा आणि म्हणा, "चला माउली, देवळापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही नसला की वाट सुनी लागते." एवढी गोडी कोणत्याही सरकारास देता येत नाही, ती तुम्हां-आम्हांसच द्यावयाची आहे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥